शलाकेचा नेम

बोट कुठे आहे ते नकाशावर अचूक दिसत होतं. मनोऱ्यावरचा अँटेना तिच्यावरच रोखलेला होता. तरीही बोटीतून येणारं चित्र मघापासून गोठलेलं होतं. हे कसं, ते शाल्मलीला कळेना.

त्या स्वयंचलित रुग्णबोटीत तिची आई होती. बेटावर पक्ष्यांची मोजणी करताना तिला फुरसं चावलं होतं. बोटीतला यंत्रमानव प्रतिविष टोचायला तयार होता, पण किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना तिचे ठोके सतत दिसल्याशिवाय त्या परवानगी देईनात.

"गणित बरोबर आहे," तिचे आजोबा, अप्पा, तिसऱ्यांदा म्हणाले. हा मनोरा त्यांनीच उभारला होता.

"अप्पा, लहरी सगळीकडेच सोडल्या तर?"

"या मिलिमीटर लहरी (काही मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी). अशा पसरल्या तर बोटीपर्यंत जोरच उरत नाही. म्हणून चौसष्ट छोटे अँटेना एका तालात लहरी सोडतात. त्यांची मिळून शलाका (विजेरीसारखा अरुंद झोत) होते. बोट सरकली की ताल बदलून शलाका वळवायची."

"पण ते चौसष्टही तालात आहेत का?"

अप्पांनी मनोऱ्याचं तापमान पाहिलं. मनोरा सकाळपासून उन्हात तापत होता. काही अँटेना किंचित मागे पडले असणार. मग अंश बरोबर सांगूनही शलाका भलतीकडेच जाणार.

"सगळे दुरुस्त करायला दोन तास लागतील," ते पुटपुटले.

"पण आपला कॅरमबोर्ड वाकडाच आहे ना? स्ट्रायकर उजवीकडे जातो, म्हणून आपण डावीकडे नेम धरतो."

"मी धरतो. तू हरतेस."

"किती डावीकडे ते तुम्ही सांगतच नाही."

अप्पांनी शलाका अर्धा अंश डावीकडे सरकवली. संदेशाचा जोर थोडा वाढला. आणखी अर्धा अंश, पुन्हा वाढला. तीन अंशांवर तो सर्वांत जास्त झाला, त्यापुढे घटू लागला.

"चूक तीन अंशांची. नकाशावरची दिशा घ्यायची आणि तीन अंश डावीकडे नेम धरायचा," अप्पा भराभर कळा दाबत म्हणाले. "पण बोट पुढे गेली, दिशा बदलली, की चूकही बदलेल. म्हणून दर क्षणी थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे चाचपून पाहायचं."

पडद्यावर आईच्या ठोक्यांची हिरवी रेघ उसळली, मग सलग धावू लागली. डॉक्टरांनी होकार दिला. वीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, "औषध लागू पडतंय."

शाल्मलीने इतका वेळ घट्ट धरलेली खुर्ची सोडली. मग तिने वही ओढली आणि वेळ, तापमान, दिशा, चूक असे रकाने आखले. असं महिनाभर मोजलं, तर पुढच्या बोटीसाठी कुठे नेम धरायचा ते आधीच ठाऊक असेल.

"अप्पा जेवले का गं?" पडद्यावरून आईने क्षीण आवाजात विचारलं.

"नाही," शाल्मली म्हणाली, "तू आलीस की बसू."