पाणी नसलेली पुस्तकं

"कुणी निवडलंय हे पुस्तक?" नानांनी कानातले इअरफोन काढून हातात धरले आणि मुलीला विचारलं. "मी," असं ती म्हणाली असती... पण गेल्याच आठवड्यात ती तसं म्हणाली होती, आणि नानांनी पाच मिनिटांत पुस्तक बंद करायला लावलं होतं. "गाढवाला गुळाची चव काय," एवढंच बोलले होते, तेही भिंतीकडे तोंड करून. म्हणून आज तिने सांगितलं, "धाकट्याने पाठवलंय."

"वाटलंच मला." त्यांचा चेहरा असा काही उजळला, की खोटं बोलल्याचं वाईट वाटून घ्यावं की बरं वाटून घ्यावं, हेच तिला कळेना. "लाव पुन्हा. लेकाची निवड आहे."

नाना तिचे वडील. चाळीस वर्षं ग्रंथपाल होते. कोणत्या माणसाच्या हातात कोणत्या वेळी कोणतं पुस्तक द्यावं हे त्यांनीच सांगावं, अशी त्यांची ख्याती. मधुमेहाने आधी त्यांचे डोळे नेले, मग मूत्रपिंडं. आता आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत. मुलगा हुशार, परदेशात नोकरीला. मुलगी दहावी नापास, लाँड्रीत इस्त्री करणारी. आई गेली त्या वर्षी घर कुणी सांभाळलं, धाकट्याचे डबे कुणी भरले आणि स्वतःच्या परीक्षेच्या दिवशी तापलेल्या भावाच्या उशाशी कोण बसलं होतं, हे विचारायची नानांना कधी गरज वाटली नाही. तिनेही सांगितलं नाही. सांगून काय, पालथ्या घड्यावर पाणी!

पण आता प्रश्न मानापमानाचा उरला नव्हता. नाना त्या खुर्चीत टिकत नसत. दोन तास झाले की "सोडा मला" म्हणून सुया काढायला लावत, सिस्टरवर ओरडत. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "असे अर्ध्यावर उठत राहिले तर सहा महिनेही काढायचे नाहीत." डोळे गेलेल्या या माणसाला चार तास बांधून ठेवील अशी एकच गोष्ट जगात होती, आणि ती कानातून जाणार होती.

मग ती कामाला लागली. पहिल्या तासाला विनोदी पुस्तक चालत नाही, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं. नाना हसले, सुया टोचलेला हात हलला आणि मशीन कोकलायला लागलं. दुसऱ्या तासाला रक्तदाब उतरतो, तेव्हा संथ, भरदार आवाज हवा, भांडणं नकोत. चौथ्या तासाला रहस्यकथा. खुनी कोण हे कळेपर्यंत नाना उठणार नाहीत! आणि सगळ्यात अवघड गोष्ट पाणी. नानांना दिवसाकाठी मोजून तीन पेले, त्याहून जास्त झालं तर ते छातीत भरणार. एका पुस्तकात कुणी विहिरीवर ओंजळीने पाणी प्यायलं, आणि नाना दिवसभर ओठ चाटत राहिले... तेव्हापासून प्रत्येक पुस्तक ती आधी स्वतः ऐकायची, इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून, एका कानात इअरफोन आणि दुसरा कान मालकाकडे. नदी आली, पाऊस आला, सरबत आलं की पुस्तक बाद. पाणी नसलेलं पुस्तक शोधून बघा एकदा. मेली माणसं पानोपानी चहा पितात! तरी तिने आठ महिन्यांत चोवीस शोधली.

आणि नाना बसायला लागले. पूर्ण चार तास.

शेजारच्या खुर्चीतले म्हातारे पोस्टमास्तर म्हणाले, आम्हालाही सुचवा काहीतरी. त्यांची बायको नुकतीच गेली होती. तिने त्यांना धाकट्याच्याच नावावर एक लांबलचक प्रवासवर्णन दिलं, ज्यात कुणी मरत नाही आणि कुणाचं लग्नही होत नाही. सिस्टरला घरी भांडी घासताना ऐकायला छोट्या गोष्टी दिल्या. सगळे खूश. सगळे म्हणायचे, "नाना, तुमच्या मुलाची निवड म्हणजे निवड." पिकतं तिथे विकत नाही, ते काय उगीच?

अशात धाकटा आठ दिवसांच्या रजेवर आला. तिने आधीच फोनवर विनवलं होतं, "नुसतं हो म्हण रे. त्यांचं बसणं त्यावर चाललंय." त्याने हो म्हटलं आणि चांगलं रंगवून म्हटलं. आयत्या बिळावर नागोबा! पोस्टमास्तरांनी हात जोडले तेव्हा हा लाजलासुद्धा. त्या कौतुकाची त्याला अशी गोडी लागली, की तिसऱ्या दिवशी सकाळी घरीच तो म्हणाला, "नाना, आज नवं ऐकायचं. समुद्रावरची कादंबरी आहे. सगळीकडे नाव झालंय तिचं."

"समुद्र नको," ती कशीबशी म्हणाली. "त्यांना तहान लागते."

"ताई, पुस्तक ऐकून कुणाला तहान लागते का?" तो हसला.

"हिला काय कळतंय?" नाना म्हणाले. "अगं, जी अक्षरं तुला कधी पेलली नाहीत, त्यांच्यात नाक खुपसू नकोस. तू इस्त्रीचं बघ. पुस्तकांचं आम्ही बघतो."

खरं सांगायची हीच वेळ होती. शब्द ओठांपर्यंत आले होते... पण नानांचा हात धाकट्याच्या खांद्यावर होता आणि तो हात इतका सुखी दिसत होता, की तिने आपला डबा उचलला. निघताना तिने धाकट्याला दोनदा बजावलं, तीन पेल्यांवर थेंबही द्यायचा नाही. मग ती लाँड्रीत गेली.

दुपारी नानांनी पाणी मागितलं. धाकट्याने दिलं. पुन्हा मागितलं, पुन्हा दिलं. संध्याकाळपर्यंत छातीत पाणी भरलं आणि नाना इस्पितळात तोंडाला मास्क लावून माशासारखे तडफडत होते. डॉक्टरांनी विचारलं, "इतकं पाणी दिलं कुणी?"

"ताईने सांगून जायला हवं होतं," धाकटा म्हणाला.

ती डॉक्टरांसमोर येऊन उभी राहिली. मग मान खाली घालून म्हणाली, "चुकलं माझं."

नाना वाचले. धाकट्याची रजा संपली, तो गेला. त्या दुपारी नानांनी मास्क बाजूला केला.

"चोवीस पुस्तकं ऐकली मी," ते थांबत थांबत बोलले. "तहानलेला माणूस पुस्तकातही पाणीच शोधतो गं. मी प्रत्येकात शोधलं. एकातही कुणी घोटभर पाणी प्यायलं नाही. मी समजत होतो, माझा लेक सातासमुद्रापलीकडून माझी तहान जपतोय... आणि समोर आला तर त्यानेच मला समुद्र ऐकवला." त्यांनी तिच्या दिशेने तोंड वळवलं. "ती चोवीस तुझी ना?"

ती पदरात तोंड लपवून रडली. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं वाहून गेलं. नानांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मंगळवारी सांगतो सगळ्यांना. पोस्टमास्तरांना, सिस्टरला. माझ्या तोंडाने सांगतो."

मंगळवारी तिने कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या कपड्यांना कडक इस्त्री केली.

सुया टोचून झाल्या. पोस्टमास्तर म्हणाले, "बोला नाना. आज काय ऐकणार? लेकाने जाताना काही ठेवलंय ना? नशीबवान आहात हो. आमचा वर्षाला एक फोन करतो."

"पुस्तकं ना..." नाना म्हणाले. "ती पुस्तकं..."

सिस्टर हातातलं काम थांबवून ऐकायला लागली. डोळे गेले होते, मूत्रपिंडं गेली होती. या खोलीत त्यांच्याजवळ एवढंच उरलं होतं, की ते त्या मुलाचे बाप आहेत. तिला ते दिसलं. तरीही ती थांबली. नानांच्या तोंडून पुढचा शब्द आला नाही.

"धाकट्यानेच पाठवलंय," ती म्हणाली आणि त्यांच्या कानात इअरफोन घालायला वाकली.

नानांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. तिने ते टिपलं.

"लेक असावा तर असा," पोस्टमास्तर म्हणाले.

"हो," नाना म्हणाले.