डावीकडची फांदी

धुकं इतकं दाट होतं, की नर्सरीचं फाटक तिच्या हाताला लागलं तेव्हाच तिला दिसलं. मावशीसाठी एखादं फुलझाड न्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. आत चिटपाखरूही नव्हतं. कुंड्यांच्या रांगा धुक्यात शिरून नाहीशा होत होत्या… आणि तेवढ्यात मागच्या अंगाने आवाज आला. कच्… कच्… बारीक कात्रीचा, सावकाश, विचार करून चालवल्यासारखा.

ती आवाजाच्या मागे गेली. शेवटच्या रांगेत एक लाकडी बाक होता आणि त्याच्या उजव्या टोकाशी रिकामं स्टूल. बाकावर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत बुटका देवदार होता. वीत-दीड वीत उंचीचा, निळसर, झोपेतून उठलेल्या माणसाच्या केसांसारखा विस्कटलेला. कुंडीभोवती नुकत्याच कापलेल्या हिरव्या सुया पडल्या होत्या. कात्री नव्हती. माणूसही नव्हता.

"तिकडे कोणी नसतं," मागून कोणीतरी म्हणालं. ती दचकून अशी वळली, की त्याच्या झारीतलं पाणी दोघांच्याही पायांवर सांडलं.

तो नर्सरीवाल्याचा मुलगा होता. वडील वर्षापूर्वी गेले होते. तो दूरच्या शहरात पुलांचे नकाशे काढायचा. इथली झाडं चांगल्या घरी देऊन, कुलूप लावून परत जायचं, एवढ्यासाठी आला होता. हे सगळं तिला नंतर कळलं. त्या क्षणी त्याने फक्त त्या ताज्या सुयांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि कुंडी उचलून थेट तिच्या हातात ठेवली.

"हा घेऊन जा."

"देताय, की पळवून लावताय?"

"दोन्ही," तो म्हणाला आणि हसला. पण चेहरा पांढराफटक पडला होता.

झाड नर्सरीतून नेलं म्हणजे बोन्साय होत नाही, अर्धवट हात लागला तर हकनाक मरेल, असं म्हणून दर रविवारी येऊन शिकवायचं त्याने आपणहून कबूल केलं. तिने नाही म्हटलं नाही. डोळे छान होते त्याचे… थकलेले, पण छान.

ती कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून आलेल्या ठशांत प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा. दिवसभर परक्यांची पांढरी, मुकी तोंडं तिच्यासमोर रांगेत मांडलेली असत. त्यामुळे अबोल सोबतीची तिला भीती नव्हती. मावशीला मात्र ते झाड पहिल्या दिवसापासून खपलं नाही. ना फूल ना फळ, नुसतं टक लावून बघत बसतं, असं तिचं म्हणणं.

पहिल्या रविवारी तिच्या घरच्या गॅलरीत बसून त्याने वरची माती खरवडायला शिकवलं. तिने त्यासाठी मेण कोरायची आपली सुरी काढली. हळूहळू मातीतून खोडाचा रुंद पाया वर आला, जमिनीवर पाऊल घट्ट रोवल्यासारखा. दुसऱ्या रविवारी वाळक्या काड्या काढल्या. तिसऱ्या रविवारी फांद्यांना तार गुंडाळली. घट्ट आवळली तर ती सालीत रुतते, आणि मुळांना थंडी सरेपर्यंत हातच लावायचा नाही, एका वेळी एकच जखम, फांद्यांना नाहीतर मुळांना… तो सांगत होता आणि ती तार धरून ऐकत होती.

"तुमचे हात जराही थरथरत नाहीत," तो म्हणाला.

"थरथरले तर कुणाचा तरी दात वाकडा बसेल."

"माझे थरथरतात."

"पाहिलंय मी. झाडामुळे नाही थरथरत ते," ती म्हणाली आणि तारेकडे बघत राहिली. तो कानापर्यंत लाल झाला.

काढून टाकायच्या फांद्यांना तो पांढरा दोरा बांधायचा. चौथ्या रविवारी दोन फांद्या कापल्या. सगळ्यात खालची, डावीकडची, पुढच्या खेपेला ठेवली. सोमवारी ती कामावरून आली, तर दोरा सुटलेला. नुसता सुटलेला नाही, नीट गुंडाळून कुंडीच्या काठावर ठेवलेला. तिने पुन्हा बांधला. मंगळवारी पुन्हा तेच. मावशीने शपथेवर सांगितलं, की आपण त्या मेल्या झाडाच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही. गॅलरीचं दार आतून बंद होतं, आणि घर तिसऱ्या मजल्यावर होतं.

बुधवारी दोऱ्याशेजारी ओल्या मातीत अंगठा रुतल्याची खूण होती. खोल, रुंद. तिचा अंगठा त्यात ठेवला तर दोन्हीकडे जागा उरली. मावशीचा तर त्याहून बारीक. आणि त्या सकाळीच तिने स्वतः माती सारखी करून पाणी घातलं होतं.

मग घाबरलेल्या माणसाने जे करावं तेच तिने केलं, जे हाताला येत होतं ते. प्लास्टर कालवलं आणि त्या खुणेत ओतलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रुमालात गुंडाळलेला पांढरा अंगठा घेऊन ती नर्सरीत गेली. नखापासून तळापर्यंत त्यावर तिरका कापल्याचा व्रण उमटला होता. त्याने तो पाहिला आणि मागच्या स्टुलावर मटकन बसला… आणि कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखा झटकन उठला.

"बाबांचा आहे," तो म्हणाला. "मी सहा वर्षांचा होतो. माझ्या हातातली कात्री काढून घेताना कापला होता."

मग बराच वेळ तो सांगत राहिला. देवदार वडिलांचा होता. सात वर्षांपूर्वी त्याच डावीकडच्या फांदीवरून दोघांची जुंपली. ती झाडाची शोभा घालवते, काढा, असं याचं म्हणणं. तिच्यामुळेच झाड झाड होईल, असं त्यांचं. शब्दाने शब्द वाढला. तुम्हाला दिसतच नाही आता, असं बोलून हा घराबाहेर पडला, तो निरोप आल्यावरच परतला. तेव्हा उशीर झाला होता.

"त्यांना काय दिसत होतं, ते विचारलंत कधी?" तिने विचारलं.

"नाही. नुसतं ऐकवलं."

संध्याकाळी दोघं गॅलरीत आले. वडील झाडाच्या कुठल्या बाजूला बसायचे, ते तिने विचारलं आणि कुंडी हळूहळू तेवढी वळवली. मधेमधे लुडबुडणारी ती फांदी खोडाच्या मागे गेली. आणि तिच्यामुळेच एकाएकी झाडाला खोली आली. वीतभराचा देवदार दूरच्या कड्यावर शंभर वर्षं वारा खात उभा असल्यासारखा दिसू लागला. मावशीसुद्धा दारात येऊन थबकली.

वाऱ्याची झुळूकही नव्हती. तरी सगळ्या सुया एकदाच हलल्या… कुणीतरी लांब श्वास सोडावा तशा.

"बाबा, तुमचं बरोबर होतं," तो झाडाकडे बघून म्हणाला. त्याला रडू फुटलं. तिने त्याचा हात धरला, आणि अंधारून येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर गॅलरीत काही घडलं नाही. माती तशीच, सुया तशाच. घर उगीच रिकामं वाटतंय, अशी तक्रार मावशीनेच केली.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा हातात ना तार होती ना कात्री.

"एक सांगायचं होतं…" तो कठड्याला टेकून म्हणाला. "देवदाराला वर्षातून दोनदा हात लावला तरी पुरतो. दर रविवारी यायची काही गरज नव्हती."

"ठाऊक आहे. तिसऱ्याच आठवड्यात पुस्तक आणून वाचलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"आला नसतास मग."

तो तुम्हीवरून तूवर आला, तीही आली. दोघांच्या ते लक्षातही आलं नाही. कंपनीला कळवून टाकलंय, तो सांगू लागला, परत येत नाही म्हणून. नर्सरी चालवायची ठरवलंय.

"पण एकट्याने नाही जमायचं. येशील?"

"माझे दात मी सोडणार नाही."

"दातांसकट ये."

ती इतकी हसली, की मावशी ओले हात पदराला पुसत बाहेर आली. दोघांचे एकमेकांत गुंतलेले हात तिने पाहिले, घसा खाकरला, आणि गॅलरीचं दार हळूच लोटून घेऊन परत आत गेली.