शेवटच्या सेकंदाची बोली

घड्याळजीचं डोकं त्याच्याच दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाच्या पितळी वजनानं फोडलेलं होतं. घाव किती, ते सांगायला डॉक्टर तयार नव्हता. भिंतीवरच्या घड्याळांवर रक्ताचे शिंतोडे उडाले होते, आणि त्यातली बहुतेक बिनदिक्कत चालू होती.

तपास अधिकारी बाई दारातच थांबल्या. टेबल उलटं पडलेलं. त्याखाली जहाजावरचं एक जुनं घड्याळ, काच नाही, पांढरी तबकडी अर्धी उडालेली. कोपऱ्यात झाडू आणि सुपली. सुपलीत काचेचे नि तबकडीचे तुकडे, धुतल्यासारखे स्वच्छ.

"झटापटीत फुटलं, मॅडम," हवालदार म्हणाला.

बाईंनी सुपलीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

आतल्या खोलीत घड्याळजीची बायको बसली होती. नवा चष्मा अजून डबीतच होता. तोच आणायला ती गेली होती. परत आली तर हे.

"तुम्ही निघालात तेव्हा ते काय करत होते?"

"डोक्याला हात लावून बसले होते. ते जहाजाचं घड्याळ हातातून निसटलं. चार वाजता त्याचा ऑनलाइन लिलाव संपणार होता. मी म्हटलं, अहो, तासाभराचा प्रश्न, गप्प बसा, कोणाला कळतंय! तर माझ्यावरच खेकसले. फुटकं विकून मला झोप लागेल का, म्हणाले."

"कोणाशी वैर?"

ती थोडी घुटमळली. "धाकट्या भावाशी बोलणं बंद होतं. कशावरून ते सांगितलं नाही. 'त्याचं नाटक मी आज बंद करणार' एवढंच म्हणाले."

धाकटा बाहेर ओट्यावर रडत होता. तोही त्याच लिलावाच्या साइटवर जुन्या वस्तू विकायचा. बाई समोर बसताच त्यानं फोन पुढे केला.

"शोधायची गरजच नाही, मॅडम. हा बघा कप्तानाचा निरोप, कालच लिलावाच्या पानावरून टिपून ठेवला."

निवृत्त जहाजी कप्तानानं लिहिलं होतं: 'या वेळी शेवटच्या सेकंदाला कोणी हिसकावून नेलं, तर तुझं डोकं फोडीन.' खाली घड्याळजीचं उत्तर: 'कप्तानसाहेब, शेवटचा सेकंदही लिलावातच मोडतो.'

"ही काय भानगड?" हवालदारानं विचारलं.

"लिलाव संपायला एक श्वास उरला की बोली टाकायची. समोरच्याला वाढवायला वेळच मिळत नाही. चोर साले! विकणाऱ्याच्या पोटावर पाय देतात."

"तुमचे भाऊही असंच म्हणायचे?" बाईंनी विचारलं.

"दादा? त्याला त्यांचं भारी कौतुक. दबा धरून बसलेलं गिऱ्हाईकही गिऱ्हाईकच, म्हणायचा."

"आज घड्याळ कोणाला गेलं?"

"मला." त्यानं डोळे पुसले. "बाबांनी आणलेलं ते. बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. कप्तान काही हटेना. घरी संगणकाच्या पडद्यासमोर बसून राहिलो, पापणीसुद्धा हलवली नाही, आणि अगदी शेवटच्या सेकंदाला त्याच्यावर मात केली. तेच त्याला झोंबलं. तो इथे आला आणि माझ्या दादाला…"

कप्तान जवळच राहायचा. पोलीस दारात दिसताच त्यानं खुर्ची भिरकावली. शेवटी चौघांनी धरून त्याला चौकीत आणलं.

"जहाजावर त्या घड्याळाखाली मी पहिली नोकरी केली," तो गुरगुरला. "ते मला हवं होतं."

"आणि हरलात. म्हणून राग आला?"

"हरलो? मी? तबकडी फुटली की घड्याळ मेलं. मढं घेऊन काय करू?"

हवालदारानं झेप घेऊन त्याची कॉलर धरली. "तबकडी फुटली हे तुला रे कसं कळलं? तू तिथे होतास!"

कप्तानानं सरळ त्याच्या तोंडावर डोकं हाणलं. हवालदाराच्या नाकातून रक्ताची धार लागली. मग काठ्या बरसल्या आणि बेड्या पडल्या. बाई ओरडल्या तेव्हा कुठे काठ्या थांबल्या.

तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला. धमकी लेखी आहे, फुटल्याचं त्याला माहीत आहे, आजच आरोप ठेवा.

"एक तास द्या," बाई म्हणाल्या. लिलावाचं पान उघडून त्यांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग एक माणूस धाकट्याच्या घरी पाठवला.

त्याचा फोन आल्यावर त्यांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. मृतदेह हलवला होता. डाग तसेच होते.

"काचा झटापटीत फुटल्या असत्या, तर त्यांना रक्त लागलं असतं," बाईंनी सुरुवात केली. "आणि खून करून कोणी केर काढत बसत नाही. काचा मालकानं भरल्या, जिवंतपणी. मग त्यानं काय केलं असेल, वहिनी?"

"खरं ते लिहून टाकलं असेल," ती हळूच म्हणाली.

"लिहिलंच. 'हातून पडलं, तबकडी फुटली, विचार करून बोली लावा.' पानाच्या तळाशी आहे. ते वाचून कप्तानांनी आपली बोली मागे घेतली, लिलाव संपायच्या बऱ्याच आधी. फुटल्याचं त्यांना तिथून कळलं. जो हरलाच नाही, तो कशाला चिडेल?"

हवालदारानं नाकावरचा रुमाल काढला. कप्तानानं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

बाई धाकट्याकडे वळल्या. "पापणी न हलवता पडद्यासमोर होतात ना? मग कप्तान मैदानात नाही हे तुम्हाला दिसलं नाही? तुम्ही मात केलीत ती कोणावर?"

धाकट्यानं खिशातला फोन चाचपला.

"वेळ भरली की आपोआप बोली टाकणारा प्रोग्राम मिळतो. तुमच्या संगणकावर तो सापडला, सकाळीच आकडा भरलेला. बोली पडली तेव्हा तुम्ही इथून पळत होतात. जिंकल्याचा निरोप आला, तो पाहिलात. घड्याळ भंगाराच्या भावात गेलं, हे पाहिलं नाहीत. हात धुण्यात गुंतला होतात."

"मी का मारीन माझ्या भावाला?"

"शेवटच्या सेकंदाला बोली लावणाऱ्यांवर इतकं कोण चिडतं, याचाच विचार करत होते. सरळ विकणाऱ्याला काय फरक पडतो? चिडतो तो खोट्या नावांनी आपल्याच मालाची बोली चढवणारा. शेवटच्या सेकंदानंतर त्याला चढवायला वेळ उरत नाही. तुमची ती खोटी नावं दादाच्या फोनमध्ये, साइटला लिहिलेल्या तक्रारीत आहेत. फक्त पाठवायची राहिली. आणि चोर म्हणून ज्यांना शिव्या घालता, त्यांचीच युक्ती आज तुम्ही वापरलीत."

"तूच भरलेस त्याचे कान!" धाकटा किंचाळला. भिंतीवरच्या घड्याळाचं दुसरं वजन उपसून तो वहिनीवर धावला. हवालदार हलायच्या आत कप्तान मधे पडला. बेड्यांसकट दोन्ही मुठी त्यानं धाकट्याच्या मनगटावर आदळल्या. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. वजन जमिनीवर गडगडत गेलं.

धाकटा हात पोटाशी धरून विव्हळत राहिला. बाईंनी कप्तानाच्या बेड्या काढल्या आणि त्याच धाकट्याला घातल्या.

वहिनी उठली. फुटकं घड्याळ उचलून तिनं पदरानं त्यावरचं रक्त पुसायला घेतलं.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "पुरावा आहे तो."

"नेताना जपून न्या," ती दिराकडे न बघता म्हणाली. "भाऊजींनी जिंकलंय."