इंगासाठी सोडलेली जागा

पोरींनो, कॉलेजच्या पत्रांची वाट बघत चर्चच्या तळघरात माना टाकून बसला आहात म्हणून सांगतो, पण विश्वास तुमच्यापैकी एकीचाही बसायचा नाही... इथे आयोवातच एका पोरानं घरी चालून आलेला प्रवेश आपल्या जुळ्या बहिणीसाठी परत केला. त्यांना आपण नील्स आणि इंगा म्हणू.

त्या शनिवारी जेवणाच्या टेबलावर एकाच कॉलेजची दोन पाकिटं पडली होती. नील्सचं जाडजूड, इंगाचं पातळ.

"प्रतीक्षायादी," इंगा म्हणाली. "वर्गात पहिली मी, आणि प्रवेश या ठोंब्याला? याचा निबंधसुद्धा मीच लिहिला होता."

"म्हणून तर मिळाला," नील्स म्हणाला. कुणीच हसलं नाही.

बटाटे सोलता सोलता आईचा हात थांबला. "शाळेतल्या बाई म्हणाल्याच होत्या गं. मुलगे हल्ली कॉलेजात जायलाच तयार नाहीत, मुलींचे अर्ज मात्र ढिगानं येतात. त्यामुळे मिळेल त्या मुलाला ते ओढून घेतात."

इंगा त्या पातळ पाकिटाला पुन्हा पुन्हा घड्या घालत राहिली, आणि डॉक्टर होण्याचं तिचं लहानपणापासूनचं स्वप्न त्या घड्यांत चुरगळताना पाहून नील्सच्या काळजाला घरं पडली... आपण बाजूला झालो की ती वर सरकेल, असा साधा हिशेब त्या भोळ्या जिवानं केला, सोमवारी कॉलेजला नकार कळवला आणि घरी मात्र सांगितलं, "मला नाही शिकायचं. मी लाकडाच्या वखारीत जातो."

"ज्यासाठी मी तडफडतेय ते तू लाथाडलंस?" इंगा म्हणाली. "पुन्हा माझ्याशी बोलू नकोस."

तो शब्द त्यानं मुकाट्यानं गिळला, कारण खरं सांगितलं असतं तर त्या मानी मुलीनं ती जागा घेतलीच नसती. आणि मग, पोरींनो, बरोबर दहाव्या दिवशी इंगाच्या नावाचं जाडजूड पाकीट आलं...

"खोटं," कॉफीची किटली घेऊन केव्हाची माझ्यामागं उभी असलेली माझी जुळी बहीण मारिट म्हणाली. "इंगाला कसलंही पाकीट आलं नाही, लोवेल. मी तेव्हाच कॉलेजला फोन करून विचारलं होतं. मुलाची जागा त्यांनी दुसऱ्या मुलालाच दिली." तिनं किटली खाली ठेवली. "आणि मी सव्वीस वर्षं तुला आळशी समजत राहिले... सरक जरा. बसू दे मला इथं."