चकलीचं घर

सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी रेवती कुलूप बघायची. घराचं नव्हे, चकलीच्या घराचं. बैठकीत जिथे पूर्वी टीव्ही होता तिथे आता काचेचं लांबट सर्पघर होतं, आणि त्यात गावंड्यांची नागीण राहत होती. नाव मिहिकाने ठेवलेलं. पहिल्या दिवशी ती वेटोळं घालून बसली होती, म्हणून चकली.

चकली निर्विष होती. अंड्यात असतानाच विष तयार करणारी जनुकं मिटवून टाकलेले असे नाग आता प्रयोगशाळेत वाढवत, आणि परवाना काढला की घरी पाळता येत. बाकी सगळं अस्सल: फणा, फूत्कार, फण्यावरचा दहाचा आकडा. त्यांना निळा नाहीतर पांढरा रंग द्यावा, म्हणजे ओळखू येतील, असं सुरुवातीला काहींनी सुचवलं होतं. पण घेणाऱ्यांना नाग नागासारखाच दिसायला हवा होता, आणि कंपनीला गिऱ्हाईक हवं होतं.

रेवतीला हे सगळं कळत होतं, फक्त पटत नव्हतं. तिच्या मामाला सोयाबीनच्या वावरात पान लागलं होतं. साप चावला असं तिच्या माहेरी आजही कोणी म्हणत नाही. नाव घेतलं की येतो, म्हणून पान लागलं म्हणायचं. अशा घरात वाढलेल्या बाईने बैठकीत नागीण ठेवायला होकार दिला, तो केवळ मुलीसाठी.

मिहिका पाच वर्षांची. कुकरची शिट्टी झाली की ती पलंगाखाली शिरायची. शाळेच्या फाटकाशी आईची ओढणी सोडायची नाही. अंधार, कुत्री, फुगे, पाहुणे, तिला कशाचं भय नव्हतं तेच सांगणं सोपं होतं. एका मोठ्या भीतीशी मैत्री झाली की बाकीच्या आपोआप गळून पडतात, असं अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि रेवतीचा नवरा प्रफुल्ल दुसऱ्याच दिवशी परवान्याच्या मागे लागला. खरं सांगायचं तर हौस त्यालाही होतीच.

सर्पघर बसवायला नागपूरहून कंपनीचा माणूस आला, तेव्हा रेवती त्याच्या डोक्याशी उभीच राहिली. काचा नीट सरकतात का, वरच्या जाळीची भोकं किती बारीक, वायर आत जाते तिथली फट बुजवली का. त्याने बिचाऱ्याने न कंटाळता सगळं दाखवलं. एका बाजूला ऊब देणारी गादी, दुसरी बाजू गार, म्हणजे नागिणीला हवं तिकडे सरकता येतं. मध्ये लपायला उलटं मडकं, पाण्याचं जड भांडं. जिथून पोस्टकार्ड सरकतं तिथून सापाचं डोकं जातं, असं म्हणत त्याने प्रत्येक सांध्यात कार्ड घालून पाहिलं. कुलूप अंगठ्याचं होतं. ते फक्त रेवतीच्या आणि प्रफुल्लच्या अंगठ्याने उघडायचं. बंद असलं की त्यावर लाल ठिपका दिसायचा.

"काही टेन्शन घेऊ नका, ताई," तो म्हणाला. "मुंगीबी बाहेर नाही पडणार."

मिहिकालाही त्याने शिकवलं. चकलीला पकडायचं नाही, तळवे पसरून धरायचे. झटका द्यायचा नाही. ती अंगावरून सरकली तर सरकू द्यायचं. पहिले काही दिवस मिहिका दाराआडूनच बघत राहिली. मग एकदा तिने बोट लावलं. दिवाळीपर्यंत ती चकलीला मांडीवर घेऊन चित्रं रंगवू लागली, आणि एका रात्री उशी उचलून, आपली आपण, वेगळ्या खोलीत झोपायला गेली. रेवती त्या रात्री आनंदाने रडली. तरी सकाळी उठून तिने कुलूप बघितलंच.

मार्च लागला तशी चकली अस्वस्थ झाली. काचेच्या कडेने फेऱ्या मारी, आणि सर्पघराला एक उग्र वास येऊ लागला. प्रफुल्लने डोकं लढवून जाळीवर छोटा पंखा बसवला आणि त्याची नळी खिडकीखालून थेट मागच्या अंगणात सोडली. घरातला वास गेला. त्यांचं घर लेआउटच्या अगदी टोकाला. अंगणाच्या तारेपलीकडे नुसती वावरं.

त्या रविवारी प्रफुल्लने उन्हाळ्यासाठी कूलर काढला. नळी होती त्याच बैठकीच्या खिडकीत कूलर बसायचा, म्हणून खिडकीची जाळी उतरवून ठेवली आणि खसचे पडदे धुवायला तो गच्चीवर गेला. रेवती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती.

"आई, चकली बाहेर आलीये बघ," मिहिका बैठकीतून म्हणाली.

ज्याची भीती होती ते शेवटी झालं, एवढंच रेवतीच्या मनात आलं. पिठाच्या हातानेच ती दारात आली. मिहिका फरशीवर मांडी घालून बसली होती. नाग तिच्या गुडघ्यावरून चढून दोन्ही तळव्यांवर आला होता, आणि ती त्याच्याकडे कौतुकाने बघत होती.

रेवतीने सर्पघराकडे पाहिलं. लाल ठिपका दिसत होता. इतके महिने जे कुलूप बंद असावं म्हणून तिने जीव टाकला, ते आता उघडं असू दे, असं ती मनातल्या मनात देवाला विनवू लागली. कुलूप बंद होतं. मडक्याखालून चकलीची शेपटी बाहेर डोकावत होती.

ओरडावं, धावावं, मुलीला ओढून घ्यावं, असं सगळं एकदम मनात आलं, पण ती जागीच थांबली. नागाने फणा काढला. मिहिका हसली आणि रोजच्यासारखं त्याच्या नाकाला नाक लावायला पुढे वाकली.

"मिहू," रेवती शक्य तितक्या हळू म्हणाली, "आज पापी नको. त्या दिवशी कंपनीच्या काकांनी शिकवलं तशी बस बरं, अजिबात न हलता."

"का?"

"तिला कुठे जायचंय ते बघू आपण."

मिहिका स्थिर झाली. नागाची जीभ सारखी लवलवत होती, आणि फणा राहून राहून काचेकडेच वळत होता. तो मुलीसाठी आलाच नव्हता. रेवती भिंतीला पाठ घासत सर्पघरापाशी पोचली आणि तिने कुलपावर अंगठा ठेवला. ते उघडेना. अंगठ्याला पीठ होतं. तिने तो ओढणीला पुसला, पुन्हा ठेवला. ठिपका विझला. तिने काच सरकवली आणि बाजूला झाली.

नाग मिहिकाच्या तळव्यांवरून सावकाश उतरला, फरशी ओलांडून आत शिरला. शेपटी आत जाताच रेवतीने काच ओढून घेतली आणि तिथेच खाली बसली. तिथूनच तिने गच्चीवरच्या प्रफुल्लला हाक मारली.

प्रफुल्लने कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि नळी कुठे सोडली आहे एवढंच विचारलं. माजावर आलेल्या मादीचा वास नराला दुरून लागतो, तो म्हणाला. विष काढलं आहे, वास काढायला कोणी सांगितलं नव्हतं. माणूस पाठवतो, त्याच्या यंत्राने कातडीखालची खूण वाचली की तुमची कोणती ते कळेल. तो जराही दचकलेला वाटला नाही. असे फोन त्याला नवीन नसावेत, हे प्रफुल्लच्या लक्षात आलं आणि तो जास्तच घाबरला.

मिहिका काचेला दोन्ही हात लावून बसली होती. आत दोघं एकमेकांभोवती फिरत होते. रेवतीने तिला जवळ घेतलं. खरं सांगितलं, तर पोर पुन्हा पलंगाखाली जाईल. नाही सांगितलं, तर उद्या अंगणात, शाळेच्या वाटेवर, कुठेही हीच मुलगी तळवे पसरून बसेल. भीती घालवायला डॉक्टरीणबाई होत्या, कंपनी होती, परवाना होता. ती परत शिकवायचं काम आता एकट्या आईवर आलं होतं.

"मिहू, यातली एकच आपली आहे," ती म्हणाली. "दुसऱ्याला भ्यायचं असतं. खूप भ्यायचं."

मिहिकाने आत निरखून पाहिलं. दोन्ही फणे वर आले होते, दोन्हींवर दहाचा आकडा होता. तिने तोंड वळवून आईकडे पाहिलं.

"मग यातल्या कोणाला भ्यायचं?"

रेवतीने पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग तिने मिहिकाचे दोन्ही हात काचेवरून काढून घेतले.