अठ्ठ्याऐंशीचा ठेका

"पुन्हा मोजा," डॉ. वासंती होनराव म्हणाल्या.

शेवंता मगदूम बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत पुन्हा मोजलं. काचेपलीकडे लोखंडी खाटेला पट्ट्यांनी बांधलेल्या माणसाची टाच खाटेच्या पायावर आपटत होती. मिनिटाला अठ्ठ्याऐंशी वेळा. काल अठ्ठ्याऐंशी, परवाही तेवढ्याच. त्या माणसाचं नाव अण्णा मगदूम. ते शेवंताबाईंचे यजमान होते, आणि सतरा दिवसांपूर्वी कुंपणापाशी चावा बसल्यापासून ते 'हिंडा' होते.

सरकारी कागदांत या रोगाला 'तालज्वर' म्हणत. ज्यांच्या दारावरून माणसांचे थवे दिवसरात्र पाय ओढत जात होते, त्यांना कागदी नावाशी काय देणंघेणं? त्यांनी त्या थव्यांना हिंडे म्हटलं. तासगावच्या पुढे माळावर बेदाण्याचं एक शीतगृह होतं. त्याच्या जाड भिंतींआड एकेचाळीस माणसं चार महिने तग धरून होती. पुण्याहून नमुने गोळा करायला आलेल्या आणि इथेच अडकलेल्या होनराव डॉक्टरांनी वजनकाट्याच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली होती. खायला बेदाणे होते. सकाळी बेदाणे, दुपारी बेदाणे, आणि कुणाचा वाढदिवस असला तर थोडे जास्त बेदाणे. आता मात्र बोअरचं पाणी आटत आलं होतं. नऊ किलोमीटरवर नदीच्या पुलापाशी छावणी होती. तिथवर पोचलं नाही तर पंधरा दिवसांत सगळा खेळ आटोपणार होता.

"याचा अर्थ काय, सरळ सांगा," बाई म्हणाल्या.

"हा जंतू मेंदूत एक ठेकाकेंद्र तयार करतो," डॉक्टर म्हणाल्या. "माणसाची इच्छा बाजूला सारून एकच ठेका चालू ठेवतो. सगळ्यांत तोच, मिनिटाला अठ्ठ्याऐंशी. एकमेकांच्या पावलांवरून ते तो जुळवून घेतात. भजनात टाळ्या आपोआप एक होतात ना, तसं. बोला, ओरडा, त्यांना फरक पडत नाही. त्यांना फक्त हालचाल कळते. जी हालचाल ठेक्यात ती आपली, आणि जी ठेक्याबाहेर ती..."

"ती खायची."

"हो. म्हणून ते एकमेकांना चावत नाहीत. आणि हिंड्याला स्वतःहून ठेका चुकवता येत नाही. जो चुकवतो तो माणूस, जो चुकवत नाही तो हिंडा. हा नियम मी कालच बिनतारीवरून छावणीला कळवला."

"आणि यांचा ठेका दुसरीकडंच नेला तर?"

"जंतूला एकच ठेका येतो. तो मोडला तर जंतू टिकणार नाही असं मला वाटतं. पण मोडायचा कसा? मी यंत्राची टकटक लावून पाहिली. तिला ते दाद देत नाहीत, फक्त पावलांना देतात. आणि बाहेर तीन हजार आहेत. मोठा थवा लहान थव्याला ओढतो."

बाईंनी काचेपलीकडच्या टाचेकडे पाहिलं. त्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. त्यांचं लेझीम पथक राज्यात पहिलं आलं होतं आणि पथकाच्या लेझमी अजून आवारात उभ्या असलेल्या शाळेच्या टेम्पोत पडून होत्या. "म्हणजे आपण ठेक्यात चाललो तर त्यांच्यामधून जाता येईल," त्या म्हणाल्या.

"नऊ किलोमीटर? एकही पाऊल न चुकता?"

"डॉक्टर, मी सातवी 'क' ला चार ताल शिकवलाय. त्याहून अवघड जगात काही नसतं."

बारा दिवस शीतगृहाच्या माल चढवण्याच्या धक्क्यावर तालीम चालली. हलगीला आवळे तात्या होते. सत्तरीचे, दमेकरी आणि तोंडाने फटकळ. बेदाण्याच्या खोक्यांची फळकुटं जाळून ते हलगी शेकत. "कातडं ढिलं पडलं की बोल पडतो," म्हणत. कूच भर दुपारी करायची हा हट्टही त्यांचाच, कारण उन्हात हलगी उतरत नाही. द्राक्षबागायतदार, ट्रकचालक, दोन नर्स, एक तलाठी, सगळे जण जमिनीकडे न बघता पाऊल टाकायला शिकले. शिकल्या नाहीत फक्त डॉक्टर. ज्या बाईने हिंड्यांचा ठेका शोधून काढला, तिला स्वतःला दोन पावलं सलग ठेक्यात टाकता येत नव्हती. तात्यांनी कपाळाला हात लावला. शेवटी डॉक्टरांना हातगाडीवर बसवून न्यायचं ठरलं.

"तीन हजारांपुढं आपण एकेचाळीस," डॉक्टर रोज बजावत. "ठेका त्यांचाच राहील. आपण फक्त तो पाळायचा."

"हलगी काय डोकी मोजून ऐकू येती व्हय?" तात्या पुटपुटत.

निघायच्या दिवशी बाई काचेपलीकडे गेल्या आणि त्यांनी पट्ट्या सोडायला घेतल्या. डॉक्टर धावत आल्या. हिंड्याला बरोबर न्यायचं नाही, हा सगळ्यांनी मिळून केलेला नियम होता आणि त्यावर बाईंचीही सही होती.

"सही केली तेव्हा हे चांगले होते," बाई म्हणाल्या. "सही मागं घेते. ठेक्यात चाललेला कुणालाही चावत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना? मग हे ठेक्यातच आहेत. आपल्यातला कुणी चुकला तर भीती त्याची धरा."

डॉक्टर बाजूला झाल्या. बाईंनी अण्णांच्या हातात लेझीम दिली आणि बोटं तिच्या मुठीभोवती वळवली. बोटं थंड होती. लग्नाच्या वरातीत अण्णांनी अशीच हौसेने लेझीम घेतली होती आणि प्रत्येक वेळी अर्ध्या ठेक्याने मागे पडले होते. राज्यात पहिल्या आलेल्या लेझीमवालीचा नवरा म्हणून गावाने वर्षभर चेष्टा केली होती. तेव्हा बाईंना लाज वाटली होती. आता ती आठवण आली आणि त्यांना रडू आलं. ते त्यांनी पदराने पुसलं.

दुपारी एक वाजता फाटक उघडलं.

हलगी कडाडली, चाळीस पावलं एकदम पडली आणि रांग हिंड्यांत शिरली. वास भयंकर होता. खांद्याला खांदे घासत होते. ओळखीचे चेहरे समोर येत होते: पोस्टमन, दूधवाला, तलाठ्याची सख्खी मेहुणी. कुणी मान वळवली नाही. बाईंच्या शेजारी अण्णा चालत होते. हातातली लेझीम ठेक्यावर आपोआप वाजत होती, छन्, छन्, एकदाही न चुकता, आणि ते न चुकणंच बाईंना सहन होत नव्हतं.

पाचव्या किलोमीटरला ओढ्याच्या पुलावर हातगाडीचं चाक निखळलं. डॉक्टर खाली पडल्या आणि लंगडत उठल्या. एक पाऊल, मग लांब थांबा, मग दुसरं पाऊल. शेजारचे सहा हिंडे एकदम वळले.

डॉक्टरांना ठेक्यात आणणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. तात्यांना ते बारा दिवसांपासून ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दुसरंच केलं. त्यांनी डॉक्टरांच्या पायांकडे बघितलं आणि हलगीचा ठेका मोडून त्या लंगड्या पावलांवर नेला. कड... कडकड... कड. बाईंनी पथक त्यावर वळवलं. अंगात मुरलेली तालीम होती, चाळीस पावलं हलगीमागे गेली. ते सहा हिंडे घुटमळले. मग त्यांची पावलं फिरली. त्यांच्या शेजारच्यांची फिरली, त्यांच्याही पलीकडच्यांची फिरली, आणि बघता बघता माळभर पसरलेले तीन हजार हिंडे होनराव डॉक्टरांच्या लंगडण्यावर चालू लागले.

"मी चुकले," डॉक्टर धापा टाकत म्हणाल्या. "डोकी मोजली मी. प्रत्येक जण फक्त आपल्या शेजाऱ्याचं ऐकतो. आणि हलगीने वळवलेली आपली चाळीस पावलं कुणाच्या ना कुणाच्या शेजारी आहेतच."

"मी काय सांगत हुतो?" तात्या ओरडले. "चालत ऱ्हावा तशाच. लई झ्याक लंगडताय."

नदीच्या पुलापाशी पोचले तेव्हा मागे तीन हजारांची मिरवणूक होती. फाटकावरच्या मचाणावर छावणीप्रमुख खर्डेकर दुर्बीण लावून उभे होते. दोन्ही बाजूंना बंदुका रोखलेल्या होत्या.

"थांबा तिथंच!" जागच्या जागी पाय टाकत राहिलेल्या पथकाला कर्ण्यातून आवाज आला. "डॉक्टर होनराव, नियम तुमचाच आहे. जो ठेक्यात तो हिंडा. मला इथून एकही माणूस ठेक्याबाहेर दिसत नाही. माझ्याकडे आत सहाशे माणसं आहेत. मी धोका पत्करणार नाही."

"नियम माझाच आहे आणि तो अर्धवट आहे!" डॉक्टर ओरडल्या. "ठेक्याबाहेर पाऊल टाकलं तर हे आम्हाला फाडून खातील!"

"तसं असेल तर माझा नाइलाज आहे."

बाई पुढे झाल्या, पाऊल न चुकवता. वर्गात कुणी मस्ती केली की त्यांचा आवाज असा खाली उतरे.

"घाला गोळ्या," त्या म्हणाल्या. "पहिली तात्यांना घाला, म्हातारा आहे, नेम चुकायचा नाही. हलगी पडली की या तीन हजारांना ठेका कोण देणार, तेवढं आधी ठरवून ठेवा. तुमच्या भिंतीची उंची मला इथनं दिसतीय. आम्ही भीक मागायला आलेलो नाही, खर्डेकर. नऊ किलोमीटर यांना चालवत आणलंय, एकालाही ओरखडा न येता. तुमच्या बंदुकांनी चार महिन्यांत हे केलं?"

खर्डेकरांनी दुर्बीण खाली घेतली. मग कर्णा पुन्हा बोलला, जरा खालच्या पट्टीत. "माणसं असाल तर ठेका थांबवून दाखवा."

तात्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. हलगीवर शेवटची थाप पडली आणि सगळं एकदम थांबलं. एकेचाळीस माणसं श्वास धरून उभी राहिली, आणि त्यांच्यासोबत तीन हजार हिंडेही.

"बघा," खर्डेकर म्हणाले. "सगळेच थांबले. माणूस कोण आणि हिंडा कोण, मला कसं..."

छन्.

अर्ध्या ठेक्याने मागून, एकच लेझीम वाजली.

अण्णांच्या हातात ती अजून हलत होती. ते तिच्याकडे बघत होते. आणि तीन हजार माना त्यांच्याकडे वळल्या.

"तात्या!" बाई किंचाळल्या. "ह्यांचा ठेका धरा!"

अण्णांचा हात पुन्हा हलला, वाकडातिकडा, वरातीतल्यासारखा. तात्यांनी त्यावर थाप टाकली. पथकाने पाऊल टाकलं. सगळ्यांत पुढचा हिंडा अण्णांच्या गळ्यापर्यंत पोचला होता. तो थबकला, त्याचा पाय घुटमळला आणि त्या वाकड्या ठेक्यावर पडला. मग माळ पुन्हा चालू लागला.

डॉक्टर उघडउघड रडत होत्या. "हिंड्याला स्वतःहून ठेका चुकवता येत नाही," त्या वर बघून ओरडल्या. "खर्डेकर, हाही माझाच नियम! आमच्या पावलांनी जंतूचा ठेका मोडला. चार किलोमीटरांत! हा माणूस परत येतोय!"

कर्ण्यातून आवाज आला. "मगदूम बाई, तुम्ही बेचाळीस जण आत या. यजमानांनाही घेतो."

बाईंनी मागे पाहिलं. पोस्टमन जागच्या जागी पाय टाकत होता. तलाठ्याच्या मेहुणीचे ओठ हलत होते.

"आम्ही आत येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेर या. सहाशे जण आहात ना? ढोल, ताशा, पत्र्याचे डबे, जे असेल ते घेऊन या. पाऊल मी शिकवते. बारा दिवस लागतील."

छन्.

"बाई," तात्या वैतागून म्हणाले, "ह्यो गडी पुन्हा चुकला."

"चुकू दे," बाई म्हणाल्या. "तुम्ही धरा."