तायडीचे ठोकळे

मुलांनो, जरा माझ्यासोबत कल्पना करा.

बुद्धिबळाचा पट डोळ्यांसमोर आणा. आठ घरं आडवी, आठ उभी. मोहरे उचलून बाजूला ठेवा. रंग चारच घ्यायचे... पांढरा, फिकट करडा, गडद करडा आणि काळा. आता या पटावर आईचा एक डोळा काढून बघा.

थोडासा जमतो, नाही का?

अशा एका पटाला आपण ठोकळा म्हणू. हातात धरून खेळायचे जुने गेम असतात ना, बाबांच्या लहानपणचे, त्यांच्या पडद्यावरचं प्रत्येक चित्र अशाच ठोकळ्यांचं बनलेलं असतं. पण त्या गेमच्या पोटात जागा फार थोडी. म्हणून फोटोचे ठोकळे पाडताना लॅपटॉप एक युक्ती करतो. सारखे दिसणारे ठोकळे शोधतो. त्यातला एकच ठेवतो, बाकीचे टाकून देतो. मग तो एकच ठोकळा जिथे लागेल तिथे बसवतो.

एवढं लक्षात राहू द्या.

ही घटना खरी आहे. ज्यांच्या घरात घडली, त्यांनीच सांगितलेली आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

भर दुपार होती.

निशिगंधा तेव्हा सातवीत होती. घरात सगळे तिला निशू म्हणत. तिची मोठी बहीण उज्ज्वला, म्हणजे तायडी, दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तापाने गेली होती.

गेली होती, पण घरात तीच होती.

निशूची भाकरी करपली की आई म्हणायची, तायडीची कशी टम्म फुगायची. निशूला गणितात कमी मार्क पडले की आई नुसती भिंतीवरच्या तायडीच्या फोटोकडे बघायची. ते जास्त लागायचं. तायडीला आता कधीच कमी मार्क पडणार नव्हते. तिच्या हातून कप फुटणार नव्हता, ती उलट बोलणार नव्हती. अशा बहिणीच्या पुढे जायचं तरी कसं?

निशूला तायडीची आठवण यायची. आणि तिचा रागही यायचा. दोन्ही एकाच वेळी.

त्या दिवाळीत राजदीपमामा पुण्याहून आला. तो मोबाइल दुरुस्त करायचा आणि जुने गेम जमवायचा. त्याने निशूला एक करडा, पिवळट पडलेला गेम दाखवला आणि म्हणाला, यात तुमच्या घरातल्या सगळ्यांचा फोटो टाकता येतो. आईच्या वाढदिवसाला तिच्या हातात दे, बटण दाबलं की चित्र उमटेल.

निशूला वेगळंच दिसलं. आई खाली मान घालून, दोन्ही हातांत धरून, निशूने केलेल्या गोष्टीकडे बघते आहे. भिंतीकडे नाही.

तिने सुट्टीभर मामाच्या लॅपटॉपवर त्याच्याकडून सगळं शिकून घेतलं. हे घडलं त्या दिवशी मामा संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परत जाणार होता. चित्र त्याच्या आधी तयार व्हायला हवं होतं, कारण ते गेममध्ये भरायचं यंत्र त्याच्याकडेच होतं.

आईला सुगावा लागलाच. ती दारातून डोकावली आणि एकच विचारलं.

"त्यात तायडी येईन ना?"

निशूने मान हलवली.

फोटो बुद्धपौर्णिमेचा होता, विहारासमोर काढलेला. चौघांच्या अंगावर पांढरे कपडे. डावीकडे बाबा, मग आई, मग तायडी आणि टोकाला निशू. तायडीची लांब वेणी पुढे, खांद्यावरून आलेली. निशूचा बॉयकट. आईचा हात तायडीच्या खांद्यावर.

निशूपर्यंत तो हात पोचत नव्हता.

पांढऱ्या कपड्यांनी काम सोपं केलं. सगळ्यांच्या अंगावरचं पांढरं लॅपटॉपला सारखंच, एका ठोकळ्यात भागलं. अडचण चेहऱ्यांची होती. चेहऱ्यांना ठोकळे फार लागत होते. मामाने बघितलं आणि सांगितलं, "अजून थोडे जास्त होऊन राह्यले. काहीतरी काढ त्यातलं. मी महागावला जाऊन येतो, तोवर बसव." आणि तो गेला.

बाबा शेतात. आई मागच्या अंगणात.

निशू कापसाच्या खोलीत, ढिगाच्या कडेला कापसावरच बसली होती. वेचून आणलेला कापूस, भाव वाढायची वाट बघत, आढ्यापर्यंत रचलेला. अशा खोलीत तुम्ही कधी बसलात का? तिथे आवाज घुमत नाही. टाळी वाजवली तरी ती हातापाशीच विझते.

लाइट गेली होती. पंखा बंद. लॅपटॉप बॅटरीवर.

निशूने विहाराची भिंत काढली. तरी ठोकळे जास्त. दार काढलं. तरी जास्त. झाड काढलं.

थोडेसेच जास्त होते. एका चेहऱ्याएवढे.

ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. आईच्या.

मग तिने पांढरा रंग घेतला आणि तायडीवरून फिरवला. आधी वेणी. मग डोळे. शेवटी कपाळ.

पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं. तायडी होती असं वाटूही नये, इतकं.

लॅपटॉपने चित्र घेतलं. बसलं सगळं.

निशूला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, झाला.

आणि तेव्हाच...

कट.

बोट मोडल्याचा आवाज.

निशूने मान वर केली. खोलीत कुणी नव्हतं.

कट... कट...

परीक्षेच्या आधी तायडी अशीच एकेक बोट मोडायची आणि आईची बोलणी खायची. निशूने स्वतःला समजावलं, उंदीर असेल. पण मुलांनो, त्या खोलीत लांबचा आवाज येत नाही.

आला, तर जवळूनच येतो.

तिने घाईने पडद्यावर चित्र उघडलं. बाबा होते. आई होती. मध्ये पांढरी मोकळी जागा. आणि टोकाला, निशूच्या जागी...

एक मुलगी होती.

तिची वेणी खांद्यावरून पुढे आली होती.

निशूने ठोकळे पाडायच्या आधीचा, रंग फिरवलेला फोटो बघितला. त्यात तिचा बॉयकट, जसाच्या तसा. तिला वाटलं, लॅपटॉपने दोघींचे चेहरे सारखे समजून एकच ठेवला असेल. तेवढ्यापुरता तिला धीर आला.

मग तिला आठवलं. तायडी तर आता फोटोत नव्हतीच. मग लॅपटॉपला ही वेणी सापडली कुठे?

तिने ठोकळे पुन्हा पाडले.

वेणी.

पुन्हा पाडले.

वेणीच. पण आता ती मुलगी टोकाला नव्हती. थोडी आत सरकली होती... आईकडे.

आणखी एकदा पाडले, तर ती आईला चिकटून उभी होती. आईचा हात तिच्या खांद्यावर होता. टोकाची जागा रिकामी होती.

तेवढ्यात आई चहा घेऊन आत आली. कप ठेवता ठेवता तिची नजर पडद्यावर गेली आणि ती तशीच खाली वाकली. अंगठ्याने तिने ती वेणी हळूच पुसल्यासारखी केली. तिच्या चेहऱ्यावर असं हसू निशूने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आली माय तायडी," आई म्हणाली.

मग तिने चित्र नीट न्याहाळलं.

"अन् तू कुठं हायेस यात?"

निशूने टोकाच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. आईने डोळे पुसले आणि ती निघून गेली. जाताना दारातून तिने रोजच्यासारखीच हाक मारली, चहा निवून राह्यला, पिऊन घे, उज्ज्वला...

चूक तिच्या लक्षातही आली नाही.

मामा आला तेव्हा निशू रडत होती. तिने केलेलं सगळं सांगितलं, पांढऱ्या रंगासकट. मामाने आधी हसण्यावारी नेलं. मग उभ्याउभ्याच वाकून स्वतः ठोकळे पाडून बघितले. एकदा. दोनदा. त्याचं हसू गेलं. त्याने एकेक ठोकळा मोठा करून पाहिला. वेणीचे ठोकळे तिथे होते, स्वच्छ, आणि फोटोत वेणी कुठेच नव्हती.

"हे पुसून टाक सगळं," तो हळू आवाजात म्हणाला. "मी तुले दुसरं काही करून देतो. फुलं बिलं. हे नको."

तो बॅग भरायला बाहेरच्या खोलीत गेला.

निशूने कापसाकडे बघितलं. ती बसली होती तिथे तिच्या बसण्याचा खळगा पडला होता. आणि त्याला लागूनच...

दुसरा खळगा होता.

तेवढाच. थोडा खोल. मोठ्या मुलीच्या वजनाचा.

त्या दिवशी त्या खोलीत दुसरं कुणी बसलं नव्हतं. पुढे कापूस विकला गेला, खोली झाडून झाली, मामाने लॅपटॉपही बदलला. पण ते ठोकळे आले कुठून, हे आजवर त्याला सांगता आलेलं नाही. फुलसावंगीला आला की तो त्या खोलीत झोपत नाही.

निशूने मात्र त्या दिवशी चित्र पुसलं नाही. ती पळालीही नाही.

तिने दार आतून लोटून घेतलं. लॅपटॉप मांडीवर घेऊन ती त्या दुसऱ्या खळग्याला खेटून बसली.

"सरक थोडी, तायडे," ती म्हणाली. "जागा मले बी पायजे."

बाजूचा कापूस हलला की नाही, ते तिने बघितलं नाही. तिने रंग फिरवलेला फोटो पुन्हा उघडला, काळा रंग घेतला आणि आईच्या शेजारच्या पांढऱ्या जागेत, एकेक घर भरत, बहिणीची वेणी स्वतःच्या हाताने काढायला लागली.